ट्रायल्स सायकल जुळवताना: कोणता भाग आधी, कोणता नंतर

पहिली ट्रायल्स सायकल सुट्या भागांतून जुळवली तेव्हा मी सगळ्यात आधी घेतले रंगीत पेडल, आणि मागच्या ब्रेकचा विचार केला अगदी शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत. क्रम नेमका उलटा हवा होता, हे समजायला गुडघ्यावरचे सात टाके पुरेसे होते. तुमचे टाके वाचावेत म्हणून हा लेख.

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड, ओंडके, कठडे सायकलवरून पार करायचा खेळ. १९७० च्या दशकात कॅटलोनियात मोटरसायकल ट्रायल्सच्या पोटातून तो निघाला, इंजिनाच्या जागी आपले दोन पाय आले. मागचा ब्रेक धरून मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक सोडता सोडता पेडलला किक मारायची, टेकल्याबरोबर पुन्हा ब्रेक धरायचा. बहुतेक करामती एवढ्यावरच उभ्या असतात. म्हणून ब्रेक, फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा खटक्यांचा भाग) आणि चेन या तिघांनी दगा देता कामा नये. बाकीचे भाग दुय्यम प्रतीचे असले तरी वर्षभर सहज चालतात.

१. चाकाचा आकार ठरवा

पर्याय तीन. २० इंची सायकल छोटी, हलकी, पटकन वळणारी. तिच्यावर उड्यांचं तंत्र लवकर जमतं, पण पहिले काही आठवडे सर्कशीतल्या सायकलवर बसल्यासारखं वाटतं. २६ इंची सायकल नेहमीच्या सायकलच्या जवळची. मोठं चाक कठड्याच्या कडेवर सहज चढतं, मात्र उचलायला जोर जास्त लागतो. स्पर्धांमध्ये मुख्य गट या दोन मापांचे असतात. तिसरी २४ इंची, रस्त्यावरच्या करामतींसाठी. स्कॉटलंडचा डॅनी मॅकॅस्किल २००९ मध्ये जगभर पोचला तो याच मापाच्या सायकलवर.

उंचीवरून माप ठरवू नका. सहा फुटी माणसं २० इंची सायकल झकास चालवतात. तुम्हाला काय करायचंय ते बघा: दगडधोंड्यांवर तोलाचा खेळ हवा असेल तर २० किंवा २६, आणि उड्यांबरोबर गिरक्या, मागच्या चाकावर लांबवर जाणं असलं काही हवं असेल तर २४.

एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर चिडू नका. स्पर्धेच्या फ्रेमवर सीट नसते आणि ती बसवायची सोयही नसते. सरावाच्या जागेपर्यंत पाच किलोमीटर जायचं असेल तर ते उभ्यानेच.

२. सुटे भाग की आख्खी सायकल?

हा लेख सुट्या भागांवर असला तरी माझं प्रामाणिक मत असं, की पहिली सायकल आख्खी घ्या, वापरलेली असली तरी हरकत नाही. एकेक भाग झिजेल तसा बदला. त्यातून प्रत्येक भाग काय काम करतो हे समजतं, आणि दुसरी सायकल शून्यातून जुळवताना चुका कमी होतात.

वापरलेली फ्रेम घेताना फडकं आणि टॉर्च बरोबर ठेवा. माती पुसून चार जागा बारकाईने बघा: हँडलखालच्या नळीला फ्रेमच्या नळ्या जुळतात ते वेल्डिंग, क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याच्या) मागच्या नळ्यांचं मूळ, मागच्या ब्रेकच्या बोल्टांभोवतीची जागा, आणि मागचं चाक बसतं त्या खाचा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर नखाने खरवडून बघा. नख अडकलं तर सौदा तिथेच सोडा. अ‍ॅल्युमिनियमची चीर थांबत नाही, आणि ती पूर्ण फाटते ती बहुतेक वेळा उडीतून खाली टेकतानाच.

रिमच्या आऱ्यांच्या भोकांभोवतीही चिरा बघा. रिम बदलता येते, पण चीर दिसली की किंमत कमी करून मागायला तोंड राहतं.

३. फ्रेमची मापं कागदावर उतरवा

भाग खरेदीत पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. ट्रायल्सची मापं नेहमीच्या सायकलपेक्षा वेगळी असतात, आणि २० इंचीची २६ इंचीपेक्षाही वेगळी. फ्रेम हातात घ्या, व्हर्नियर घ्या, आणि एवढं लिहून काढा:

- मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची रुंदी. २० इंची सायकलमध्ये साधारणपणे ११६ मिमी, २६ इंचीत १३५ मिमी. माझ्या एका मित्राने १३५ चा उत्तम हब स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. तो अजून त्याच्या कपाटात आहे.
- मागच्या ब्रेकची जागा: रिम ब्रेकसाठी चार बोल्टांची, की डिस्कसाठीची. एकावर दुसरा बसत नाही.
- क्रँकच्या धुऱ्याची, म्हणजे बीबीची रुंदी आणि आट्यांचा प्रकार. बीबीच्या खाचा आणि क्रँकच्या खाचा एकाच पद्धतीच्या हव्यात.
- बीबीची उंची, म्हणजे दोन्ही चाकांच्या अक्षांना जोडणाऱ्या रेषेपेक्षा तो किती वर आहे. जुन्या आणि रस्त्यावरच्या फ्रेममध्ये हा आकडा लहान, आजच्या स्पर्धेच्या फ्रेममध्ये बराच मोठा, ६० ते ८० मिमीही असतो.

हा शेवटचा आकडा नवखे लोक बघतच नाहीत, खरं तर सायकलचा स्वभाव त्यातच असतो. बीबी उंच असेल तर मागच्या चाकावर उभं राहणं आणि तिथल्या उड्या सोप्या जातात, पण आपण सायकलच्या डोक्यावर उभे आहोत असं वाटत राहतं. बीबी खाली असेल तर गिरक्या आणि मागच्या चाकावर लांब जाणं सुखाचं होतं. पहिल्या सायकलला मी मधला आकडा घेईन.

क्रँकची लांबीही याच कागदावर लिहा: २० इंचीला १६० मिमी, २६ इंचीला १७० किंवा १७५.

४. फ्रीव्हील पुढे की मागे

नेहमीच्या सायकलमध्ये फ्रीव्हील मागच्या हबवर असतं. ट्रायल्समध्ये ते बऱ्याचदा पुढे, उजव्या क्रँकवर आट्यांनी बसवतात, आणि मागच्या हबवर फक्त एक पक्कं दातेरी चक्र असतं. त्यामुळे मागचा हब साधा, हलका, दणकट राहतो. तोटा एक: सायकल पुढे जात असेल तर तुम्ही पेडल मारा न मारा, चेन फिरतच राहते. पायजम्याची नाडी, बुटाची लेस, चाक फिरवून चेनला तेल लावणाऱ्याचं बोट, सगळं तिला सारखंच. चालत्या चेनला हात लावायचा नाही, हे घरच्या लहान मुलांनाही सांगून ठेवा.

पुढचा असो वा मागचा, त्यात बघायचं ते खटक्यांची संख्या. एका फेऱ्यात फ्रीव्हील किती ठिकाणी पकडतं, त्यावर पेडलची पोकळ हालचाल ठरते. फ्रीव्हील क्रँकवर असेल तर ७२ खटक्यांच्या फ्रीव्हीलमध्ये ती जास्तीत जास्त ५ अंश, १०८ च्या फ्रीव्हीलमध्ये ३.३ अंश, आणि साध्या २४ खटक्यांच्या फ्रीव्हीलमध्ये तब्बल १५ अंश. मागच्या चाकावर तोल धरून उभे असताना १५ अंश म्हणजे पाय हवेत आणि मग एकदम धक्का. ७२ पासून पुढे सुरुवात करा. शंभराच्या वरचे खटके सुखाचे असतात, पण त्यांची पकड बारीक दातांवर असते, म्हणून त्यांना स्वच्छता जास्त लागते.

फ्रीव्हील बसवताना आट्यांना ग्रीस लावा, सढळ हाताने. पेडल मारताना ते आपोआप घट्ट होत जातं, इतकं की पुढे काढायला त्याच फ्रीव्हीलचं हत्यार व्हाइसमध्ये पकडून दोघांनी जोर लावावा लागतो. म्हणून फ्रीव्हील घेतानाच त्याचं हत्यार घ्या, दुसऱ्याचं बसेलच असं नाही. आणि नवीन बसवलेल्या फ्रीव्हीलवर लगेच उडी मारू नका. आधी सपाटीवर चढ्या जोराने वीस-पंचवीस पेडल मारून ते शेवटपर्यंत घट्ट होऊ द्या.

फ्रीव्हीलच्या आत मात्र जाड ग्रीस भरू नका. आतले खटके चिकटून राहतात, वेळेवर वर येत नाहीत, आणि पेडल सरळ खाली जातं. आत पातळ तेल, बस.

५. दाते किती

यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत, पण नवख्याला एवढं पुरे: २० इंचीला पुढे १८ आणि मागे १२ दाते. २६ इंचीला १८ आणि १५, किंवा २२ आणि १८.

गंमत बघा. पुढच्या दात्यांना मागच्यांनी भागून चाकाच्या इंचांनी गुणलं, तर पहिली जोडी ३० देते, दुसरी ३१.२ आणि तिसरी ३१.८. चाक कुठलंही असो, माणसाच्या पायाला एका किकमध्ये उचलता येईल असा आकडा तिशीच्या आसपासच येतो. २४ इंचीचं गणित आता तुम्हीच मांडू शकता. रस्त्यावर वेग लागतो म्हणून तिथले लोक थोडं जड ठेवतात.

२२-१८ मध्ये चेनवरचा ताण कमी आणि दाते जास्त गुंतलेले, पण खाली दगडाला लागायला चक्र मोठं. १८-१५ मध्ये याच्या उलट.

६. चेन

रुंद चेन घ्या, १/८ इंची. गिअरच्या सायकलची बारीक चेन या धक्क्यांसाठी नसते. लांबी जुळवल्यावर मागचं चाक खाचेत मागे ओढून ताण द्या, दोन्ही बाजूंच्या गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या सारख्याच खुणेवर ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसेल. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन पाच-सात मिमी हलली पाहिजे. मग क्रँक पूर्ण फिरवत सगळीकडे ताण तपासा, कारण दातेरी चक्र कधीच पूर्ण गोल नसतं. जिथे चेन सगळ्यात ताठ होते, तिथला ताण धरून चाला. फार ताठ ठेवली तर बेअरिंग खाते, सैल ठेवली तर दाता सुटतो. दाता सुटला की छाती थेट स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्यावर.

महिन्यातून एकदा मोजपट्टी लावा. २४ कड्या नव्या असताना बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. दीड मिमीने वाढल्या की चेन बदला. फिरायच्या सायकलला आणखी चालली असती, पण इथे चेन तुटणं म्हणजे तोंडावर पडणं.

७. मागचा ब्रेक

आता खरा विषय. पैसा, वेळ, संयम, सगळं इथे लावा.

मागे दोन पर्याय: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा रिम ब्रेक किंवा डिस्क. रिम ब्रेकमध्ये मागुराचा एचएस३३ हा जुना आणि ट्रायल्समध्ये रुजलेला ब्रेक आहे. रिम ब्रेक चाकाच्या परिघावरच पकडतो, त्यामुळे ब्रेक धरल्यावर चाक जरासुद्धा हलत नाही. डिस्क शांत, पावसात बरी, आणि रिम थोडी वाकडी असली तरी चालते. पण मागच्या चाकावर उभं राहिल्यावर आऱ्यांतून किंचित झुलल्यासारखं वाटतं. २० आणि २६ इंचीला मी अजून मागे रिम ब्रेकच ठेवतो. २४ इंचीवर डिस्क.

रिम ब्रेकचं गुपित रिमच्या पृष्ठभागात असतं. गुळगुळीत रिमवर पॅड घसरतो, म्हणून रिमच्या दोन्ही कडा ग्रायंडरने खरवडून खडबडीत करतात. पद्धत अशी:

टायर-ट्यूब काढा. चाक फ्रेममध्ये किंवा स्टँडवर लावा. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, तोंडावर मास्क, यात तडजोड नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमची पूड उडते. ग्रायंडरची चकती रिमला फक्त स्पर्श करेल इतकी हलकी धरा आणि जवळजवळ आडव्या, म्हणजे चाक फिरण्याच्या दिशेला काटणाऱ्या बारीक रेघा मारत पुढे सरका. एका जागी थांबलात की खड्डा पडतो. मी पहिल्यांदा थांबलो होतो, आणि तो खड्डा पुढचं वर्षभर प्रत्येक फेऱ्याला ‘टक्‌’ करून आठवण द्यायचा. खोली नको, फक्त धार हवी. झाल्यावर स्पिरिटने स्वच्छ पुसा.

काही महिन्यांनी रेघा गुळगुळीत होतात, मग पुन्हा. दरवेळी रिमची भिंत थोडी पातळ होते, हे लक्षात ठेवून जाडी तपासत राहा. डिस्कला मात्र कधी ग्रायंडर लावू नका.

खरवडलेल्या रिमवर मऊ पॅड चार दिवसांत किसणीवर धरल्यासारखे संपतात. त्यासाठी वेगळे, कडक मिश्रणाचे पॅड मिळतात. पॅडची पाठ प्लॅस्टिकऐवजी धातूची असेल तर लिव्हर जास्त टणक लागते.

पॅड बसवायची माझी रीत: सिलिंडर धरणारे क्लॅम्प अर्धवट सैल ठेवायचे. पॅडचा पूर्ण चेहरा रिमवर येईल, वरची कड टायरला लागणार नाही आणि खालची रिमच्या बाहेर जाणार नाही असं हाताने जुळवायचं. मग लिव्हर दाबून रबरबँडने बांधायची, पॅड आपोआप रिमला समांतर होतात, आणि तशा स्थितीत बोल्ट आलटून-पालटून थोडेथोडे आवळायचे. लिव्हर सोडल्यावर दोन्ही बाजूंना साधारण दीड मिमी फट राहिली की झालं. वरची कड टायरला घासत राहिली तर टायरची भिंत एका संध्याकाळीत कापली जाते.

दोन सिलिंडर एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांच्यावर कमानीसारखी पट्टी लावतात, तिला बूस्टर म्हणतात. ती शोभेची वाटते, पण ती काढून एकदा लिव्हर दाबा आणि मागच्या नळ्या कशा बाहेर सरकतात ते बघा.

तेल भरताना हवेचा एक बुडबुडाही राहिला तरी लिव्हर स्पंजासारखी लागते. खालच्या सिलिंडरकडून सिरिंजने तेल हळूहळू वर ढकला, लिव्हरचं तोंड सगळ्यात उंच राहील अशी सायकल तिरकी धरा, नळीला बोटाने टिचक्या मारत राहा. या कामाआधी चाक काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. रिमवर पडलेला तेलाचा एक थेंब पुसून निघतो, पण पॅडने प्यायलेला निघत नाही. आणि मागुराला खनिज तेलच. काही इतर ब्रेकना डॉट तेल लागतं. अदलाबदल केली की आतली रबरं फुगून ब्रेक कायमचा जातो.

लिव्हर एका बोटाची, तर्जनीपाशी. तिचा कोन सायकलवर बसल्यासारखं उभं राहून ठरवू नका, मागच्या चाकावर उभे असताना मनगट सरळ राहतं का ते पाहा. बऱ्याच जणांना ती वाटते त्यापेक्षा आडवी ठेवावी लागते. क्लॅम्प इतकाच आवळा की पडल्यावर लिव्हर हँडलवर फिरेल. गच्च आवळलेली लिव्हर फिरत नाही, मोडते.

शेवटची परीक्षा: ब्रेक एका बोटाने धरा, पेडलवर पूर्ण वजन टाका. मग सायकल मागे ओढा. दोन्ही दिशांना चाक तसूभरही सरकलं नाही तरच पुढे जा.

पुढचा ब्रेक तुलनेने सोपा. १६० किंवा १८० मिमी डिस्क लावा, आणि वापरण्याआधी वेगात येऊन हळूहळू थांबणं वीस-तीस वेळा करा, म्हणजे पॅड डिस्कला बसतात.

८. चाकं आणि हवा

२० इंची सायकलच्या मागच्या चाकाचं माप २० नसतं! ते १९ इंची असतं, म्हणजे टायर बसतो त्या जागेचा व्यास ३८७ मिमी. पुढचं ४०६. टायर घेताना नावावर जाऊ नका, हा आकडा बघा. २६ इंचीला दोन्हीकडे ५५९.

मागचा टायर जाडजूड, अडीच इंचांच्या आसपास, रुंद रिमवर. हवा साधारण २० ते २५ पीएसआयपासून सुरू करा. मग कठड्यावरून मागच्या चाकावर हलकी उडी मारा. रिम टेकल्याचा ठक्क आवाज आला तर थोडी वाढवा, टायर चेंडूसारखा उसळला तर कमी करा. रिम टेकून झालेल्या पंक्चरला ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं असतात, साप चावल्यासारखी. ती दिसली तर काटा शोधत बसू नका.

रिम ब्रेक असेल तर चाकाचा आऊट काढणं, म्हणजे आरे आवळून-सैल करून रिम सरळ करणं, हे तुमचंच काम समजा. नव्या चाकाचे आरे पहिल्या दोन-तीन सरावांत बसतात आणि सैल पडतात, तेव्हा पुन्हा आवळा.

९. हँडल, स्टेम, मुठी

लांब आणि उंच स्टेम वजन पुढे आणतो, पुढच्या चाकावरच्या करामती सोप्या करतो. आखूड स्टेम मागच्या चाकाला सोपा. हँडल मागे-पुढे फिरवून बघताना एका वेळी दोन-तीन अंशच फिरवा आणि आठवडाभर तसंच ठेवा.

हेडसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग, सैल असेल तर आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सोडा, मग वरच्या टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंतच आवळा, मग बाजूचे. उलट क्रमाने कितीही आवळलं तरी खेळ जाणार नाही, आणि टोपीचे आटे जातील.

मुठींच्या टोकाला बूच असलंच पाहिजे. उघडी नळी पडताना पोटात घुसते.

१०. हत्यारं, आणि पहिला तास

चांगल्या दर्जाचा एलन कींचा संच, टॉर्क पाना, चेन तोडायचं हत्यार, फ्रीव्हीलचं आणि बीबीचं हत्यार, तेलाची सिरिंज, स्पिरिट, ग्रीस, व्हर्नियर. पेडलसाठी १५ चा पाना, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे भिंतीवर लिहून ठेवा. अंगावर हेल्मेट, हातमोजे आणि पोटरीचे गार्ड. पेडलच्या खिळ्यांनी पोटरीवर काढलेली नक्षी बरी व्हायला वेळ लागतो.

बोल्ट आवळून झाले की प्रत्येकावर रंगाच्या पेनने बोल्टपासून फ्रेमपर्यंत एक रेघ ओढा. सपाटीवर, छोट्या उड्यांवर एक तास चालवा. थांबा आणि रेघा बघा. क्रँकचे, स्टेमचे आणि ब्रेकचे बोल्ट पहिल्या तासात हमखास थोडे सैल पडतात, आणि जिथे रेघ तुटलेली दिसेल तिथे पाना लावा. चेनचा ताणही तेव्हाच पुन्हा तपासा. कठडा तोवर जागेवरच असेल.